पहिलं शील

पप्पांनी मटण सोडलं ते आम्ही सोलापुरात होटगी रस्त्यावरच्या नव्या घरात राहायला आलो त्या वर्षी. त्याआधी रविवारी सकाळी पिशवी घेऊन सगळ्यांत आधी बाहेर पडणारे तेच. मुंडी आणायची की पाया, यावर आईशी वाद घालायचे आणि नळी कुणाच्या ताटात पडली यावर लक्ष ठेवायचे. बँकेत अधिकारी होऊन निवृत्त झाले आणि त्यांनी अशा कॉलनीत घर घेतलं, जिथं आमच्याशिवाय सगळे शाकाहारी होते.

पहिल्याच महिन्यात आईनं सुकट भाजली. संध्याकाळी शेजारचे निवृत्त हेडमास्तर फाटकाशी आले. आत या म्हटलं तर आले नाहीत. हसून म्हणाले, "साहेब, तुम्ही शिकलेली माणसं. तुमच्यातल्या बाकीच्यांसारखे नाही, म्हणून हक्कानं सांगतो. वास फार लांब जातो हो."

पप्पा त्या रात्री जेवले नाहीत. पुढं ते एका ध्यानशिबिराला जाऊन आले आणि आल्या आल्या जाहीर केलं, की पंचशीलातलं पहिलं शील प्राणिहत्येपासून दूर राहायला सांगतं, तेव्हा आजपासून या घरात मांस-मच्छी-अंडं येणार नाही. मटणाचं पातेलं भांडीवालीला देऊन टाकलं. आईला विचारलं नाही. तिला विचारायची पद्धत आमच्याकडं नव्हतीच.

आई सांगोल्याकडची, शेळ्यांमागं वाढलेली. तिनं वाद घातला नाही. मी लग्नानंतर सात रस्त्याजवळ राहते. ती रविवारी माझ्याकडं यायची, पोटभर जेवायची आणि निघताना हाताला लिंबू चोळून, तोंडात बडीशेप टाकून रिक्षात बसायची. "वास आला तर शील मोडंल की त्येंचं," म्हणायची आणि हसायची.

मग तिला पोटाचा कॅन्सर झाला.

ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली. जिभेची चव गेली. भाताला मातीचा वास येतो म्हणायची, दुधानं मळमळायचं. डॉक्टरांनी पप्पांसमोरच सांगितलं, "अंडी द्या, कोंबडीचं सूप द्या. ज्यावर वासना जाईल ते द्या. वजन उतरू देऊ नका." पप्पांनी मान डोलावली आणि घरी येऊन मुगाचं कढण केलं. स्वतःच्या हातानं केलं, हेही सांगायला हवं. सोयाबीन भिजवायचे, नाचणी दळून आणायचे, तिच्या उशाशी वाटी घेऊन बसायचे. आई दोन घोट घ्यायची आणि वाटी बाजूला सारायची.

"मला रस्सा पायजे. लई न्हाय, वाटीभर."

"अगं, एका जिवासाठी दुसरा जीव घ्यायचा?" पप्पा समजावायचे. "मूग हेही अन्नच आहे. झाडाला वेदना नसतात. बकऱ्याला असतात."

आईनं त्यांच्याकडं पाहिलं. "झाडाला दुखत न्हाय म्हणता. बकऱ्याला दुखतं म्हणता. मला दुखतंय, त्येचं काय?"

पप्पा उठून परसात गेले. तिथं त्यांची वांगी होती. वांग्यांवर मावा पडला की ते नाकाला रुमाल बांधून पंपानं औषध मारायचे, तसं त्या दिवशीही मारलं. आईची खाट खिडकीजवळ होती. औषधाचा उग्र वास आत आला, तशी ती ओकली.

एका दुपारी मी कोंबडीचा रस्सा डब्यात घालून नेला. पप्पा झोपलेले असतील असा अंदाज होता. आईला उशीला टेकवून बसवलं, डबा उघडला. वासानंच तिच्या तोंडाला पाणी सुटलं. कित्येक दिवसांत मी तिला असं पाहिलं नव्हतं. चमचा भरला तोच पप्पा दारात. त्यांनी आरडाओरडा केला नाही. माझ्या हातातून डबा घेतला, मोरीकडं गेले आणि ओतून दिला. वरून बादलीभर पाणी टाकलं. चमचा माझ्याच हातात होता, त्यातलंही त्यांनी मागून घेतलं.

आई मोरीकडं बघत राहिली. म्हणाली, "कोंबडी तर मेलीच हुती की."

त्या दिवसापासून ते फाटकाशीच माझी पर्स उघडून बघू लागले.

आईला बरं वाटावं म्हणून पप्पांनी घरी परित्राण पाठ ठेवला. विहारातल्या भन्तेंना भोजनदानाचं आमंत्रण दिलं. हेडमास्तरांना आणि आणखी दोन शेजाऱ्यांनाही बोलावलं. मला वाटतं, भन्तेंच्या तोंडून शाकाहाराची थोरवी त्यांना ऐकवायची होती. शेजारी आले, खुर्च्यांवर टेकले. पाणी पुढं केलं तर "आत्ताच घेऊन आलो" म्हणाले.

पाठ झाला. बाराच्या आत भन्तेंचं जेवण झालं. पप्पा त्यांना परसात घेऊन गेले, वांगी दाखवली. "भन्तेजी, आपल्या हातानं एक तोडा. शुभ होईल."

भन्ते मागं सरकले. "आम्ही झाडाचं पानही तोडत नाही. आमच्या नियमात बसत नाही."

"बघा," पप्पा शेजाऱ्यांकडं वळून म्हणाले, "झाडाबद्दलसुद्धा इतकी करुणा! मग मांस तर दूरच."

तेवढ्यात खिडकीतून आईचा आवाज आला. "भन्तेजी, मला वाटीभर रस्सा प्यायचाय. पाप लागंल व्हय?"

भन्ते खिडकीपाशी गेले. तरुणच होते, फार तर माझ्या वयाचे. त्यांनी आईकडं नीट पाहिलं आणि साध्या आवाजात म्हणाले, "आई, मला पात्रात कुणी मांस वाढलं, आणि ते माझ्यासाठी मारलेलं आहे असं मी पाहिलं नसलं, ऐकलं नसलं, तशी शंका नसली, तर मी खातो. तोडलेली भाजी खातो तसंच. काही भिक्खू खात नाहीत, तेही चांगलंच. पण आजारी माणसाला उपाशी ठेवणं कुठल्याच शीलात बसत नाही."

हेडमास्तर हसले. हलकंच, जुनी शंका फिटल्यासारखं. "म्हणजे साहेब, तुमच्यात चालतं म्हणायचं शेवटी!"

भन्तेंना ते कळलं नसावं. पप्पांना कळलं. माणसं गेल्यावर ते आईच्या खाटेजवळ उभे राहिले. "चार लोकांत माझं तोंड काळं केलंस. आता तर मुळीच नाही. मेलीस तरी नाही."

आईनं त्यानंतर मागितलं नाही. पडून राहायची. हात खाटेच्या दांडीसारखे झाले होते.

मी मामाला फोन केला. तो सांगोल्याहून जीप घेऊन आला. त्याची चार डाळिंबाची झाडं आणि थोड्या शेळ्या. पप्पा म्हणाले, "हिची जबाबदारी कोण घेणार?" मामा बहिणीजवळ जाऊन वाकला. "येतीस का, अक्का?"

"ने मला," आई म्हणाली.

मामानं तिला चादरीसकट उचललं. पप्पा फाटकापर्यंतही आले नाहीत. मी तिच्याबरोबर गेले.

दुसऱ्या दिवशी मामानं शेळीचं करडू कापलं. तांबडं, कानावर पांढरा ठिपका असलेलं. सकाळी आईच्या खाटेपाशी येऊन ते तिची चादर चघळत होतं, आणि तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला होता. गोठ्यामागं त्याचा आवाज आला आणि बंद झाला. त्याची आई दिवसभर ओरडत राहिली. मी आयुष्यभर मटण खाल्लंय, पण ते ओरडणं ऐकवेना म्हणून मी दार लावून घेतलं. पप्पांचं म्हणणं खोटं नव्हतं, हे मला तिथं मान्य करावं लागलं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

मामीनं रस्सा केला. चुलीवरचा, काळ्या मसाल्याचा, आईला आवडायचा तसा. मी आईचं डोकं मांडीवर घेतलं. एक चमचा गेला. तिनं डोळे मिटले. दुसरा गेला. मग तिला ठसका लागला आणि दोन्ही चमचे बाहेर आले, थोडं रक्तही आलं. पोट काहीच ठेवून घेत नव्हतं. आता उशीर झाला होता.

मामा खाटेशी उकिडवा बसला होता. "अक्का, थोडं ऱ्हाऊन परत बघू."

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "पोरांना वाढ. गार हुईल."

पोरांनी खाल्लं. ती भिंतीकडं तोंड करून ऐकत होती. दोन दिवसांनी गेली.

पप्पा आले. रडले, अगदी मोकळं. अंत्यविधी सांगोल्यातच झाला. सोलापूरला परतल्यावर कॉलनीतली माणसं भेटायला आली, फाटकाशी उभी राहिली. एक बाई म्हणाल्या, "शेवटी माहेरी जाऊन खाल्लंच म्हणे त्यांनी."

"छे!" पप्पा म्हणाले. "शेवटच्या श्वासापर्यंत शुद्ध शाकाहारी. तिनं ते व्रत माझ्याआधी घेतलं होतं."

मी बाजूलाच होते. म्हटलं, "पप्पा, खोटं न बोलणं हेही एक शील आहे. आईनं रस्सा मागितला होता. मी पाजला."

पप्पांनी माझ्याकडं न बघता बायकांना सांगितलं, "हिला धक्का बसलाय."

बायकांनी माझ्याकडं कीव केल्यासारखं पाहिलं.

आता ते एकटेच राहतात. गेल्या वर्षी कॉलनीच्या कमिटीवर त्यांना घेतलं. सभेत आहारावर बोलतात, लोक टाळ्या वाजवतात. मी महिन्यातून एकदा औषधं द्यायला जाते, पाणी पिऊन निघते. मागच्या खेपेस गेले तेव्हा सण होता. हेडमास्तरांकडची कामवाली बाई घरोघर पुरणपोळ्या देत फिरत होती. बाकीच्या घरी स्टीलच्या डब्यातून देत होती. आमच्या फाटकाशी आली तेव्हा तिनं पोळ्या कागदी ताटलीत काढल्या. आमच्या घरातला डबा त्यांना परत घ्यायचा नव्हता. पप्पांनी दोन्ही हातांनी ताटली घेतली, आत येऊन उभ्या उभ्याच पोळी खाल्ली, तूप बोटांवरून ओघळलं तेही चाटलं.

"बघ," मला म्हणाले, "किती जीव लावतात ही माणसं."