भडंगाच्या पुड्या घेऊन थांबणारे आण्णा

एकच सिनेमा जन्मभर पाहायचा आणि त्याचा शेवट मात्र एकदाही पाहायचा नाही, असा माणूस असतो का कुठं? आमच्या मंगळवार पेठेत होता. पिठाची गिरणी चालवणारे आण्णा.

सिनेमा जुना, हेरगिरीचा आणि हसवून हसवून पोट दुखवणारा. गुप्तहेराची चिकटवलेली दाढी नेमकी चहात पडते आणि टोळीचा म्होरक्या कोण, ते अगदी शेवटी कळतं. थेटरात तो पुन्हा लागला की आण्णा अख्खी गल्ली घेऊन जायचे. दाढी पडली की अंगावरचं पीठ उडेपर्यंत हसायचे. पण गुप्तहेरानं म्होरक्याच्या तोंडावरच्या रुमालाला हात घातला, की हे उठले! त्यांची बायको, आमच्या काकू, वैतागायच्या. "शेवट सोडून कोन जातंय का?" म्हणत खुर्चीला चिकटून बसायच्या. आम्ही बाहेर यावं, तर आण्णा गेटाशी सगळ्यांसाठी भडंगाच्या पुड्या घेऊन उभे.

"अहो आण्णा, दोनच मिनिटं राहिली होती!" मी पहिल्यांदा अक्षरशः ओरडले होते.

"त्यो कोन हाय कळलं की संपलं की गं पोरी! न्हाय बघितलं तर अजून चालूच हाय. आनि मला सांगशील तर तुजं दळान घेनार न्हाय, सांगून ठेवतो!"

एकदा गारगोटीला एका लग्नात, पंगतीत शेजारचा पाहुणा म्हणाला, "त्यो म्होरक्या म्हंजे..." झालं! आण्णा खरकट्या हातांनी कान झाकून भरल्या ताटावरून उठले. नवरीचा बाप हात जोडत मागं धावला. तेव्हापासून गल्लीत कुणी ते नाव काढलं नाही. मीही इथं सांगणार नाही.

गेल्या वर्षी आण्णांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी आमच्या टीव्हीवर नेमका तोच सिनेमा. रुमालाला हात गेला आणि आण्णा उठेचनात! काकूंनी हातातली बशी खाली ठेवली.

"आण्णा, अहो, उठा की!" मी भलतीच घाबरले होते.

त्यांनी मला हातानंच गप्प केलं. रुमाल सुटला.

"ह्यो व्हय!" ते हसले. "ह्येला उगंच भ्यालो की एवढी वर्सं."

ऑपरेशनमधून आण्णा परत आले नाहीत. मला अजून खरं वाटत नाही.

परवा काकू आमच्याकडं आल्या होत्या आणि टीव्हीवर तो सिनेमा पुन्हा लागला. मी घाईघाईनं बंद करायला गेले, तर काकू म्हणाल्या, "असू दे." दाढी चहात पडली तेव्हा त्या चक्क खळखळून हसल्या. मी बघतच राहिले. मग रुमालाला हात गेला आणि काकू पदर सावरून उठल्या.

"अहो काकू, कुठं निघालात?"

"तुमी बघा निवांत," चपलेत पाय घालत त्या म्हणाल्या. "ह्ये भाईर थांबलेत की."