आम्लानं धुतलेली नळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवालाही नाही — देवापुढं उभा राहिलो की मी घाईघाईनं दुसरंच काहीतरी बोलतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की ओळखता?

मी नंदिगड्ड्याचा. गावात मला डॉक्टर म्हणतात. कुणाला ताप आला की औषध विचारायला येतात. मी तसला डॉक्टर नव्हे. माझी पदवी रसायनशास्त्रातली, आणि ती मला मिळाली एका काचेच्या नळीमुळं. म्हणजे — नळी नीट न धुतल्यामुळं. पण ते पुढं.

सुपा धरणात पाणी भरत होतं, त्या वर्षांतली गोष्ट. विद्यापीठात आमच्या तालुक्यातले आम्ही दोघंच: मी आणि रामनगरचा विनायक. काम एक, वाटे दोन. गाड्यांच्या धुरातला एक विषारी वायू ऑक्सिजनबरोबर प्लॅटिनमवरून गेला की निरुपद्रवी होतो. प्लॅटिनम आहे तसंच राहतं, नुसतं घडवून आणतं — उत्प्रेरक. पण कसं घडवतं? मी नळीत प्लॅटिनमची पूड भरून प्रयोग करायचो, विनायक तीच क्रिया संगणकावर चालवून बघायचा. दोघांचे आकडे जुळले तर उत्तर सापडलं म्हणायचं. न जुळले तर दोघांचीही पदवी टांगलेली.

"गणेशगुडीची बस समज," विनायक मला शिकवायचा. "सीट म्हंजे प्लॅटिनम. विषारी वायूला एक सीट बास — खिडकीतनं टावेल टाकला, बसला. ऑक्सिजन म्हंजे नवराबायको. त्यांना शेजारीशेजारी दोन सीटा पायजेत. टावेलवाल्यांनी गाडी भरली की खेळ खलास."

आता माझी चूक. नळी काळी पडली की तीव्र आम्लानं धुवायची, असा नियम होता. मी आम्लाला भ्यायचो. माझ्या एकुलत्या एका चांगल्या पँटला त्यानं भोकं पाडली होती. म्हणून एकदा सुट्टीला जाताना काळी नळी लुंगीत गुंडाळून घरी नेली — बघू काय ते, म्हणून. आमच्या घरात काळं भांडं तसंच पडून राहत नाही. मी आंघोळ करून येतो तर आईनं काडीला नारळाची शेंडी बांधून, चुलीतल्या राखेनं नळी आतून-बाहेरून लख्ख केलेली.

त्या नळीत प्रयोग असा काही धावला, की आमच्या मार्गदर्शक सरांनी पाठ थोपटली. विनायकच्या संगणकात मात्र तसं काही घडेचना.

कारण मला लवकरच कळलं. राखेत पोटॅश असतं. नळी अरुंद, आई विसळून विसळून किती विसळणार? चिमूटभर आत राहायचं, प्लॅटिनमला चिकटायचं, आणि क्रियेला जोर यायचा. विनायकच्या बसमध्ये राख नव्हती. मग मी सांगितलं का? नाही. उलट दर सुट्टीला नळी घरी नेऊ लागलो.

"तुमच्या शहरात राख न्हाई व्हय रे?" आई म्हणायची. "येवढं शिकून एक नळी घासता येईना तुला?"

एकदा विनायकही बरोबर आला. जगलीवर, घरापुढच्या ओट्यावर, आम्ही भाकरी खात बसलो होतो, आणि आई ओली नळी हातात घेऊन बाहेर आली. विनायकला तिनं विचारलं,

"तू न्हाई आणलीस रे तुझी नळी?"

"मला कुठली नळी, काकी. माझा कंप्युटर हाय."

"मग त्यो बी आण की. घासून ठिवीन."

विनायक हसून हसून लोळला. मीही हसलो — जरा जास्तच. मग त्यानं न विचारताच म्हणालो, "तिची हौस रे. परत गेल्यावर मी आम्लानं धुतोच."

पुढं सरांनी दोघांना समोर उभं केलं. "एक कुणीतरी चुकतोय. नळी कशानं धुतोस?"

मी तोंड उघडायच्या आत विनायक बोलला. "आम्लानंच धुतो, सर. मला माहीत आहे."

मी मान हलवली. नुसती मान — तोंडानं खोटं बोलायचंही धैर्य झालं नाही.

म्हणजे संगणक चुकला. विनायकनं सगळं गणित पहिल्यापासून तपासलं, पुन्हा तपासलं. चूक सापडेना. शेवटी सोडून दिलं आणि रामनगरला वडिलांच्या भाताच्या गिरणीत बसला. मी डॉक्टर झालो.

गेल्या पावसाळ्याआधी त्याच्या गिरणीत गेलो होतो. भुवयांपर्यंत कोंडा माखलेला. मला बघून धावतच आला.

"सापडली लेका! इतक्या वर्षांनी चूक सापडली!"

गिरणीच्या पत्र्यावर त्यानं खडूनं सगळं मांडलं होतं. कडेच्या सीटा मोजताना एक राहून गेली होती, असं त्याचं म्हणणं. मी चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं. काही राहून गेलं नव्हतं. पहिलं गणित बरोबर होतं. चुकलं होतं ते हे नवं.

"हीच न्हवं?" त्यानं विचारलं. "तू डॉक्टर हायस. सांग."

"व्हय," मी म्हणालो. "हीच."

केवढा हलका झाला तो. गिरणी बंद केली, समोरच्या हॉटेलातनं चहा-भजी मागवली, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटला — माझंच चुकलं होतं, डॉक्टरनं बघितलं.

भजी गरम होती. मी दोन प्लेटी खाल्ल्या.