शुक्रवारी जन्मलेली लिलियन

थायलंडातल्या नोंगखाईच्या शाळेत मी सातवीची हजेरी घेत होते. "बुआफान" म्हणून दोनदा हाक मारली, उत्तर नाही. मुलगी तर पहिल्याच बाकावर, माझ्याकडेच बघत बसलेली. तिसऱ्या हाकेला ती उठली आणि अदबीनं म्हणाली, "बाई, ती मी कालपर्यंत होते. आजपासून मी सुपात्रा." तिनं दप्तरातून तालुका कचेरीचा शिक्का मारलेला कागद काढून माझ्या टेबलावर ठेवला. डेंग्यूतून उठल्यावर विहारातल्या भंतेंनी तिला नाव बदलायला सांगितलं होतं. आमच्याकडे हे चालतंच, पण कागद घेऊन उभी राहिलेली मुलगी मी पहिल्यांदाच पाहिली.

घरचं नाव तिम, ते तेवढं कायम राहिलं. पुढे तिचं केस कापायचं दुकान चालेना तेव्हा सुपात्राची थनिदा झाली, आणि दुकान चालायला लागलं. मग काय, तिला कोण समजावणार? मी निवृत्त झाल्यापासून माझे केस तीच कापते, त्यामुळे तिच्या घरातलं सगळं मला वेळच्या वेळी कळतं.

डेरेकशी लग्न झालं तेव्हा ती तिशीची होती. हा इंग्लंडातल्या हल गावचा, बंदरावर क्रेन चालवायचा. मुलगी झाली, तिला त्यानं आपल्या आईचं नाव ठेवलं. लिलियन. थोरल्या लिलियनबाई तिकडे वृद्धाश्रमात होत्या. ऑगस्टमध्ये त्यांना चौऱ्याऐंशी वर्षं पुरी होणार होती आणि त्याआधी नातीला मांडीवर घ्यायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं. बापामुळे पोरगी जन्मतःच ब्रिटिश, म्हणून तिला व्हिसा मिळायचा नाही, पासपोर्टच हवा.

मग कागदांची जत्रा सुरू झाली. बाळाचा जन्मदाखला, आईबापांचा लग्नाचा दाखला, डेरेकचा जन्मदाखला आणि तिमच्या प्रत्येक जुन्या नावाचा कागद, सगळ्यांची इंग्रजी भाषांतरं. "तू एक बाई आहेस की अख्खी गल्ली?" डेरेक म्हणायचा. फोटोत बाळाचे डोळे उघडे हवेत, मागे कुणाचा हात दिसायला नको. यात दोन सकाळी गेल्या. शेवटी पोरगी रागानं एकदाची कॅमेऱ्याकडे बघत राहिली तेव्हा काम झालं. मार्चच्या सुरुवातीला अर्ज गेला.

एप्रिलच्या अखेरीस एका दुपारी तिम माझ्याकडे आली. कडेवर लेक, चेहरा फुललेला.

"बाई, आता पासपोर्ट आलाच म्हणून समजा." तिनं माझ्यापुढे एक कागद धरला. शिक्का माझ्या ओळखीचा होता. "शुक्रवारी जन्मलेल्या मुलीला लिलियन नाव लाभत नाही, असं भंते म्हणाले. म्हणून तर अडकलाय तो. आता ही नत्तनिचा."

"डेरेकची सही आहे यावर."

"हो. केली की त्यानं."

या महिन्या-दोन महिन्यांत तो समोर येईल त्या थाई कागदावर सही करत होता, हे मला ठाऊक होतं.

"तिम, तिकडच्या अर्जात लिलियन आणि इकडे नत्तनिचा. दोन नावांचं हे एकच बाळ, ते त्यांनी कसं ओळखायचं?"

तिचा चेहरा उतरला. तेवढ्यात तिला न्यायला डेरेक आला. सांगणं मलाच भाग होतं. तो पायरीवर बसला.

"अडकला नव्हता गं," तो म्हणाला. "दहा आठवडे लागतील म्हणाले होते. सातच झालेत."

"मला काय माहीत? तू रोज सकाळी उठून ईमेल बघतोस. मला वाटलं, अडकलाच."

"आईनं आश्रमात सगळ्यांना सांगितलंय, माझ्या नावाची नात येतेय म्हणून. आता तिला काय सांगू?"

 तिमनं मुलीला माझ्या मांडीवर देऊन स्कूटर काढली आणि ती विहारात गेली. तासाभरानं परतली.

"भंतेंना विचारलं, मुलीची आजी याच नावानं चौऱ्याऐंशीला टेकली, ते कसं?  ते म्हणाले, आधी का नाही सांगितलंस, एवढं जगलेलं नाव कशाला टाकायचं."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं कचेरीत गेलो. लिलियनची नत्तनिचा आणि नत्तनिचाची पुन्हा लिलियन. तिथला कारकून म्हणाला, "तिमताई, आता हिला चालता येईपर्यंत तरी येऊ नका." डेरेकनं सही करण्याआधी कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

पासपोर्टवाल्यांना तिमनं पत्र लिहिलं, मी फक्त इंग्रजी केलं. "पासपोर्ट लवकर यावा म्हणून मी मुलीचं नाव बदललं होतं. ते चुकलं. परत होतं तेच केलं आहे. दोन्ही दाखले सोबत." मी म्हटलं, कारण गाळू या का? ती म्हणाली, "नको बाई. खरं आहे ते."

तिकडून कसलाच प्रश्न आला नाही. जूनच्या मध्यावर पासपोर्ट आला, आत तो रागीट फोटो. ऑगस्टमध्ये लिलियन आजीच्या मांडीवर बसली आणि तिनं आजीचा चष्मा ओढला.

याला चार वर्षं झाली. थोरल्या लिलियनबाई अठ्ठ्याऐंशीच्या झाल्या. तिम दर ऑगस्टला महिनाभर दुकान बंद ठेवून हलला जाते आणि सासूचे केस कापते.