उंचीचे पैसे

कात्रजच्या त्या रो-हाउसच्या गल्लीत आम्रपाली ओव्हाळ यांच्याइतकी उंच बाई दुसरी नव्हती. उंची वडिलांकडून आलेली. वडील पोपटराव मांजरी गावात एका उसाच्या मळ्यावर राखणदार होते. मालकाने दिलेल्या पत्र्याच्या खोलीत त्यांना सरळ उभं राहता येत नसे. आत शिरले की मान खाली. पुढे म्हातारपणी त्यांची मान तशीच वाकलेली राहिली. डॉक्टर म्हणाले, वयामुळे होतं. आम्रपालीबाईंना ते कधी पटलं नाही.

टेलिफोन खात्यात नोकरी लागल्यावर त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्याने पोटाला चिमटा काढून घर घेतलं, तेही फ्लॅट नाही, स्वतःची गच्ची असलेलं रो-हाउस. नवरा गेला, बाई निवृत्त झाल्या, गुडघे बोलू लागले. चालत राहा, असं डॉक्टरांनी बजावलं. गल्लीबाहेरच्या रस्त्यावर डंपर आणि दुचाक्या यांच्यातून चालणं म्हणजे जिवाशी खेळ. त्यामुळे रोज सकाळ-संध्याकाळ बाईंच्या फेऱ्या गच्चीवरच व्हायच्या.

सोलारचा विषय मुलाने काढला. समाधान आणि सून सुरुची दोघंही खराडीच्या कंपन्यांत होती, पण आठवड्याचे बरेच दिवस घरूनच काम करत. दोन खोल्यांत दोन एसी दिवसभर चालायचे आणि वीजबिल बघून समाधान दर महिन्याला चिडायचा. शेवटी त्याने एका कंपनीच्या माणसाला बोलावलं.

अर्णव नावाचा तो तरुण गच्ची मोजून खाली आला आणि टॅबलेट उघडून समाधानसमोर बसला. तीन किलोवॅट लागतील, साधारण दोन लाख खर्च येईल, त्यातले अठ्ठ्याहत्तर हजार सरकारी अनुदान म्हणून नंतर खात्यात जमा होतील, असं त्याने सांगितलं. घर बाईंच्या नावावर, पैसेही त्यांच्या फंडातले जाणार, पण अर्णव एकदाही त्यांच्याकडे वळला नाही.

पॅनेल किती उंचीवर बसणार, असं बाईंनीच मध्ये विचारलं.

"मागून चार फूट, पुढून तीन. खालून वाकून जाता येतं, काकू," अर्णव म्हणाला.

मग चालायचं कुठे, असं विचारल्यावर तो हसला आणि त्याने पुन्हा समाधानकडे पाहिलं. उंच सांगाडा करता येतो, पण त्याला जाड लोखंड लागतं, वाऱ्यासाठी पायाही भक्कम करावा लागतो. साठ हजार वर जातील, आणि त्या वरच्या पैशाला अनुदान नाही. वीज मात्र तेवढीच मिळेल.

समाधानने आईला समजावलं. नुसत्या उंचीसाठी साठ हजार घालणं म्हणजे पैसे वाऱ्यावर सोडणं. तेवढ्यात ट्रेडमिल येईल, शिवाय पैसे उरतील.

"वाकून नाही," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "माझ्या गच्चीवर मी वाकून चालणार नाही. आजोबा गेले तेव्हा तू लहान होतास. ते आरशात बघायचे तेसुद्धा खालून वर. उंच करा. पैसे मी देते."

तेव्हा कुठे अर्णवने टॅबलेट त्यांच्याकडे फिरवला.

लोखंडाचे खांब गल्लीत उतरले आणि दुसऱ्याच दिवशी सोसायटीचे अध्यक्ष श्रीनिवास दामले दारात उभे राहिले. आपण कोणाच्या परवानगीने हे करताय, असं त्यांनी अतिशय शांतपणे विचारलं. सगळ्या घरांची उंची एकसारखी आहे, त्यामुळे गल्लीला एक रूप आहे, ते बिघडेल. पॅनेल खाली बसवले तर आपली हरकत नाही.

बाईंनी त्यांना आत बोलावलं, पाणी दिलं आणि थेट गच्चीवर नेलं. तिथून दामल्यांच्या गच्चीवरचे हिरवे पत्रे स्वच्छ दिसत होते.

"ते रूप कधीपासून आहे?" बाईंनी विचारलं.

"ते तात्पुरतं आहे," दामले म्हणाले.

"नातवाची मुंज झाली तेव्हापासून ना? नातू आता इंजिनियर झाला, दामलेसाहेब."

दामले पाणी न पिताच गेले. संध्याकाळी सोसायटीच्या शिक्क्यासह काम थांबवण्याची नोटीस आली. समाधान घाबरला. शेजाऱ्यांशी वैर नको, थोडं नमतं घेऊ, असं तो म्हणू लागला. सुरुची मात्र म्हणाली की गच्ची सोसायटीची नाही, आईंची आहे, आणि खरेदीखत आपल्या कपाटात आहे. बाईंनी त्याची प्रत जोडून उत्तर पाठवलं आणि काम चालू ठेवलं.

दामल्यांनी महापालिकेत तक्रार केली. एक कर्मचारी येऊन फोटो काढून गेला. पुढे ना तो आला, ना काही कागद आला. दामले आता बाई समोरून आल्या की मोबाइल कानाला लावतात. बाई मुद्दाम थांबून नमस्कार करतात.

सांगाडा उभा राहिला, पॅनेल चढले, नवा मीटर बसला. बाई पॅनेलखाली सावलीत फेऱ्या मारू लागल्या, अगदी भर दुपारीसुद्धा. समाधान अजून हिशेब मांडतो. उंचीमुळे पैसे वसूल व्हायला दोन-अडीच वर्षं जास्त लागणार, असं त्याने परवा जेवताना पुन्हा सांगितलं.

"वाया गेले तर माझे गेले," बाई म्हणाल्या आणि त्याला आमटी वाढली.

पहिलं बिल जेमतेम काही रुपयांचं आलं. समाधानने पेढे आणले. बाईंनी चष्मा लावून बिल वरपासून खालपर्यंत वाचलं. सोलारची वीज वजा जाता वापर शून्य, तरी दरमहाचा ठरलेला स्थिर आकार लावलेलाच होता. दुसऱ्या दिवशी त्या बिल घेऊन वीज कार्यालयात गेल्या. तिथल्या क्लार्कने नियम समजावून सांगितला, तो सगळ्यांनाच लागू आहे म्हणाला. बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं, पैसे भरले, पावती घेतली.

"नियम समजला," त्या म्हणाल्या. "पटला नाही. तक्रार कुठे द्यायची?"