एमएच एकोणीसचं बटण

धुळ्यातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्याच्या वेबसाइटसाठी मी तारीख निवडायची खिडकी केली होती. मोठे आकडे, मोठे चौकोन, खाली गडद निळं बटण आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'नक्की करा'. ऑपरेशन झालेल्या माणसालाही सहज दिसावं म्हणून जळगावात घरी बसून मी आठवडाभर नुसती रंगांशी झगडले होते. त्यामुळे अमळनेरहून एका आबांचा फोन आला, की बटणच दिसत नाही, तेव्हा माझा पारा चढला.

आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. तपासणीची तारीख मी स्वतःच घेणार म्हणून ते हटून बसले होते आणि घरात कुणाच्या हातात फोन देत नव्हते. दवाखान्यातल्या काउंटरवरच्या बाईंनी सरळ माझा नंबर देऊन टाकला होता. मी आबांना फोन बंद करून चालू करायला लावला, इंटरनेट बघायला लावलं आणि शेवटी वैतागून म्हणाले, आबा, जरा नीट बघा ना. डोळ्यांच्या पेशंटला कुणी असं म्हणतं का? पलीकडून हळू आवाज आला, "ताई, मना डोया परत गया का?"

मी स्वतःच्या फोनवर ते पान उघडलं. बटण मलाही दिसेना. आबा, चूक पानाची आहे, तुमच्या डोळ्याची नाही, असं मी परोपरीने सांगितलं. त्यांना पटलं नाही. मी समजूत काढतेय असंच त्यांना वाटलं.

पानावरच्या प्रत्येक वस्तूला आम्ही एक नाव देतो आणि स्टाईलशीटमध्ये लिहून ठेवतो, की या नावाची वस्तू अशी दिसेल. एकाच पानावर दोघांनी एकच नाव वापरलं, तर ज्याचं नंतर वाचलं जातं त्याचं चालतं. म्हणून वेबसाइट करायला शिकलो त्या जळगावच्या क्लासात सरांनी बजावलं होतं, नुसतं 'बटण' लिहू नका, पुढे आपली खूण लावा. आम्ही सगळे जळगावचे. खूण म्हणून प्रत्येकाने गाडीच्या पाटीवरचं एमएच एकोणीस लावलं. पुण्या-मुंबईच्या कामांत आपण वेगळे ओळखू येऊ, याचा केवढा तोरा! सगळ्यांनी तेच लावलंय, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

दवाखान्याने दोन दिवसांपूर्वी त्याच पानावर चष्म्याची फ्रेम निवडायची खिडकी बसवली होती. ती करणारा धुळ्यात राहतो, पण शिकला आमच्याच क्लासात. एमएच अठराच्या गावात बसून पठ्ठ्याने बटणाला एमएच एकोणीस लावलं होतं. त्याच्या बटणावर नुसतं फ्रेमचं चित्र, म्हणून मागचा रंग पांढरा. त्याचं नंतर वाचलं गेलं आणि तोच रंग माझ्या बटणालाही लागला. त्या पांढऱ्यात माझी पांढरी अक्षरं गडप झाली. मी त्याला फोन करून फैलावर घेतलं. ही खूण आधी कुणाची, यावर आमची चांगली जुंपली. मग तोच म्हणाला, "ताई, भांडण मागून करू. आधी आबांना बटण दाखवू."

मला स्वतःचीच लाज वाटली. दोघांनीही एमएच एकोणीस काढून टाकलं. माझ्या नावांपुढे मी 'तपासणी' आणि माझी आद्याक्षरं लावली, त्याने 'चष्मा' आणि त्याची. शिवाय प्रत्येकाचे नियम आपापल्या चौकटीपुरतेच लागतील असं लिहिलं. तासाभरात दोन्ही खिडक्या एका पानावर गुण्यागोविंदाने नांदू लागल्या.

आबांना फोन करून मी पान पुन्हा उघडायला सांगितलं. काय दिसतंय, हे विचारायचा मला धीर होईना. ते स्वतःच एकेक वाचत गेले, महिना, वार, आकडे, आणि मग थांबले.

"शे, बटन शे. 'नक्की करा' लिखेल शे."

फोन तसाच ठेवून ते घरात ओरडून सगळ्यांना सांगायला गेले. परत आले तेव्हा आवाज पार बदलला होता. मला दम देत म्हणाले, "मना डोया चांगला शे, ताई. तुमनंच चुकनं."

हो आबा, माझंच चुकलं, असं मी तीनदा म्हणाले. चूक कबूल करताना इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.