एकादशीचं पातेलं

पातेल्याच्या बुडाशी उलथनं घासल्याचा आवाज आला, की अजूनही मी हातातलं काम थांबवते. कर्रर्र करून लोखंड फिरतं आणि पाठोपाठ करपलेल्या गुळाचा तो किंचित कडसर, धुरकट वास नाकाशी दरवळू लागतो, मग चुलीवर गूळ असो वा नसो. इतरांना त्या आवाजात शिजल्याची, निवल्याची, घरादाराच्या तृप्तीची चाहूल लागत असेल. मला तो संपत आल्याचा आवाज वाटतो. सासरी आल्यावर सासूबाई भाताची खरवड काढू लागल्या, की मी नकळत पानावर हात आडवा धरायची. त्यांना वाटे, सून मोठी मिताहारी आहे. शेजारणींना कौतुकानं तसं सांगतही असत. आता त्यांना काय सांगायचं, की बाई, हे वैराग्य नव्हे, ही भीती आहे?

भय कुठे जन्मतं आणि कुठे राहायला जातं, हे एक गूढच आहे. माझं भय जन्मलं देहूच्या वाटेवरच्या एका वाडीत, जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, एका मोठ्या पातेल्यापाशी. आम्ही बीडकडची माणसं. मी सात-आठ वर्षांची असताना वडिलांना पिंपरीच्या एका कारखान्यात बदलीवर काम मिळालं. बदलीवर म्हणजे कायमचा कामगार आला नाही, तरच यांना आत घेत. पहाटे ते सायकल काढत, गेटापाशी उभे राहत, आणि बोलावणं आलं नाही तर उन्हं चढायच्या आत परत येत. वाटेवर ती सायकल दिसली, की आई हातातलं खुरपं तसंच धरून क्षणभर उभी राही. पिंपरीत खोली परवडेना म्हणून आम्ही त्या वाडीत एका गोठ्याच्या पडवीत राहिलो होतो. गोठा दुसऱ्याचा, पडवीही दुसऱ्याची, गाय तेवढी आमच्याकडे आपलेपणानं बघायची.

पण वाडीला शाळा होती, आणि शाळेत दुपारी लापशी मिळे. कुठल्याशा परदेशातून बोटीनं आलेला जाडाभरडा गहू पोत्यांतून आमच्यापर्यंत पोचे आणि भागामावशी नावाची गावातली एक म्हातारी तो गूळ घालून रटरट शिजवी. काळी, काटक, गळ्यात तुळशीची माळ, तोंडानं अखंड पुटपुट. मी आणि माझी धाकटी बहीण शांता, आम्हा दोघींचं ते दिवसातलं एकुलतं खात्रीचं जेवण. खात्रीचं म्हणते खरं, पण खात्री कसली! रांगेत उभी असताना माझे कान पातेल्याकडे असत. उलथनं मऊ मऊ बुडतंय तोवर जिवात जीव. बुडाला लागलं, की काळजाचं पाणी. इतर मुलं सुट्टीची वाट पाहत, मला सुट्टीची धास्ती वाटे. रविवार मला कधीच आवडला नाही.

आणि रविवारापेक्षाही मी भ्यायची ती एकादशीला.

वाडी सगळी माळकरी. इंद्रायणीच्या काठचं ते गाव. तिथे लहानगी पोरंसुद्धा एकादशीला धान्याचा कण तोंडात घालत नसत. वरचा नियम असा, की शाळा भरली त्या दिवशी चूल पेटलीच पाहिजे. पण खायला कोणी नसताना ती पेटवायची कशाला? म्हणून गुरुजींनी आपल्या अखत्यारीत एक तोडगा काढला होता. एकादशीला पातेलं पालथं, आणि दुसऱ्या दिवशी, बारशीला, उपास सोडायला दुप्पट लापशी. गावाला ते फार आवडलं. यात काही चूक आहे, असं कोणाच्या स्वप्नातही आलं नाही. ज्याच्या घरी उपासाला रताळी उकडतात, शेंगदाणे भाजतात, वऱ्याचे तांदूळ शिजतात, त्याला कसं येणार? बारशीची दुप्पट लापशी आदल्या दिवशीच्या पोटात शिरत नाही, हे ज्याला एक दिवस मागे ढकललेलं जेवण ठाऊक आहे, त्यालाच कळतं.

आमच्या घरची गोष्ट निराळी. वडील हसून म्हणत, आपल्याकडं रोजच एकादशी हाय की, पुण्याला काय तोटा! आई हसत नसे. त्या दिवशी दुपारी गावची मुलं फडकी सोडून रताळी खायला बसत आणि आम्ही दोघी विहिरीकडे जात असू, पोटभर पाणी प्यायला. कोणी विचारलंच, तर मी सांगायची, आमची निर्जळी असते. पाणी पिऊन येऊन निर्जळी म्हणून सांगायचं, इतकी अक्कल भुकेनं दिली होती. आणि गावानं ते खरं मानलं! भागामावशी तर आमच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडायची. म्हणायची, बघा गं, बीडाकडची लेकरं, आपल्यापरीस कडक एकादस करत्यात, लई देवाची माणसं हायती. आम्ही दोघी खाली मान घालून उभ्या. भुकेला भक्ती समजण्याची चूक तीच माणसं करू शकतात, ज्यांच्यासाठी उपास हा नेहमी स्वतः निवडलेला असतो. त्यात दुष्टावा नव्हता. उलट इतका निर्मळ आदर होता, की तो मोडण्याचं मला धाडस होईना.

अशाच एका एकादशीला, टळटळीत दुपारी, तालुक्याहून साहेब आले. जीपची धूळ खाली बसायच्या आत ते स्वैपाकाच्या पडवीत शिरले. चूल गार, पातेलं पालथं, भिंतीशी पोती उभी. गुरुजी मागोमाग धावत आले. साहेब, आज एकादशी आहे, गाव सगळं माळकरी, उद्या आम्ही दुप्पट, एवढं म्हणेपर्यंत त्यांच्या कपाळावर घाम डवरला. साहेब वाईट नव्हते. शांतपणे म्हणाले, गुरुजी, जी मुलं हौसेनं उपास करतात, त्यांच्या घरी खायला आहे असा त्याचा अर्थ होतो. मला पलीकडे दोन शाळा अशा ठाऊक आहेत, जिथली मुलं पोतं उसवलं तर कच्चं खातील. हे धान्य तिकडे गेलेलं बरं. मग आमच्याकडे वळून त्यांनी विचारलं, बाळांनो, खरं सांगा, कोणाकोणाला भूक लागली आहे? हात वर करा.

एकादशीला भूक लागली म्हणणं गावच्या मुलांना लाजिरवाणं होतं. आणि मी? माझा उजवा हात मी मांडीखाली दाबून बसले होते, इतका घट्ट की त्याला मुंग्या आल्या. हात वर केला, तर निर्जळीचं सोंग उघडं पडणार. ही देवाची माणसं नव्हेत, ही नुसती उपाशी माणसं आहेत, असं सगळ्या वाडीला कळणार. नाही केला, तर पोती जाणार, उद्याची बारस जाणार, परवाची दुपार जाणार. भुकेपेक्षा भूक उघडी पडण्याचं भय मोठं असतं का हो? त्या वयात होतं. आजही असेल. माझा हात उठला नाही. कोणाचाच उठला नाही.

साहेबांनी मान हलवली. जीपवाल्यानं पहिलं पोतं खांद्यावर घेतलं. ते एका कोपऱ्याला उसवलेलं होतं. पडवीपासून दारापर्यंत गव्हाची बारीक रेघ सांडत गेली. आणि बिगरीतल्या मुलांमधून आमची शांता उठली. तिला ना साहेब कळत होते, ना गाव. ती खाली बसली, फरशीवरचा गहू एकेक वेचला आणि तोंडात टाकून चावू लागली. कच्चा. कडकड आवाज येत होता. वाटलं, धरणी दुभंगावी आणि आम्हा दोघींना पोटात घ्यावं. कुणीशी पोरगी म्हणाली, अगं, हिची तर निर्जळी हाय ना?

भागामावशी दाराशी उभी होती. तिनं शांताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. किती वेळ पाहिलं, कुणास ठाऊक. तिची पुटपुट थांबली होती. मला वाटलं, आता ही बोलणार. फसवलंत गं मला, म्हणणार. मी डोळे मिटून घेतले.

डोळे उघडले तेव्हा ती गळ्यातली माळ उतरवत होती. माळ तिनं कपाळाला लावली, शाळेची घंटा जिला टांगायचे त्या खुंटीला अडकवली, आणि पोतंवाल्याला म्हणाली, ठिव रं बाबा ते खाली. साहेबांना म्हणाली, बसा साहेब, जरा कळ काढा, लेकरं जेवायची हायती. तिनं चूल पेटवली. लापशी शिजेपर्यंत धूर सगळ्यांच्या डोळ्यांत जात होता. मग तिनं एक ताटली वाढून घेतली आणि आमच्या पंगतीत, शांताला मांडीवर घेऊन, फतकल मारून बसली. पहिला घास तिनं शांताला भरवला आणि दुसरा स्वतःच्या तोंडात घातला. नवरी होऊन त्या गावात आल्यापासून जिनं एकादशीला शीत चाखलं नव्हतं, ती बाई आम्हा पोरांकडे बघत, सावकाश, नीट चावून लापशी खात होती. गुरुजी हलक्या आवाजात म्हणाले, मावशी, अहो आज एकादशी. ती म्हणाली, न्हाई गुरुजी, आज बारस हाय. मी सांगत्ये न्हवं? जेवा रं पोरांनो.

आणि तिथीचा निवाडा भागामावशीनं दिल्यावर वाडीत तो मोडणार कोण? हळूहळू ताटल्या पुढे आल्या. साहेब उभ्या उभ्या सगळं पाहत होते. पोतं जीपमध्ये पुन्हा चढलं नाही.

गावानं तिला विचारलं असणारच. ती एवढंच म्हणे, म्हातारपण हाय, तीथ चुकले. कोणी ते खरं मानलं नाही, आणि कोणी खोटंही म्हटलं नाही. त्यानंतर दर एकादशीला चूल पेटू लागली. ज्याला खायचंय त्यानं खावं, कोणी कोणाला विचारायचं नाही, हा तिचा नवा नियम. माळ मात्र खुंटीलाच राहिली. एकादशीला धान्य शिजवणाऱ्या हातानं ती घालू नये, असं तिनं आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं. घंटा वाजली, की माळ हले. पुढे वडिलांचं काम कायम झालं, आम्ही पिंपरीला राहायला गेलो, आणि त्या माळेचं पुढे काय झालं ते मी कधीच विचारलं नाही. विचारायची मला भीती वाटते. एका म्हातारीचं जन्माचं पुण्य आमच्या दोघींच्या पोटात गेलं, ते तिला परत मिळालं नसेल तर?

आता मीच मास्तरीण आहे. कारखान्यांच्या कडेला, पत्र्याच्या चाळींमधल्या शाळेत शिकवते. वर्गात बीडची, लातूरची, कोकणातली पोरं. त्यांचे बाप कुठल्या ना कुठल्या गेटापाशी उभे. या वर्षी आमच्याकडेही दुपारचं खाणं सुरू झालं, पण मुलं जास्त आणि खाणं कमी. मोठ्या बाई काल समजुतीनं म्हणाल्या, सगळ्यांना पुरायचं नाही हो, तुम्ही आपलं वर्गात विचारून घ्या, खरी गरज कोणाला आहे ते; हात वर करायला सांगा. बोलणं व्यवहाराचं होतं. रात्रभर मला झोप आली नाही. देणाऱ्याला वाटतं, विचारणं म्हणजे न्याय. पण ज्याला सर्वांत जास्त हवं असतं, त्याचाच हात मांडीखाली असतो, हे देणाऱ्याला कोणी सांगायचं?

आज दुपारी मी वर्गासमोर उभी राहिले. प्रश्न ओठांवर आला होता. तिसऱ्या रांगेतली एक मुलगी, नवीनच आलेली, माझ्याकडे न बघता समोरच्या भिंतीकडे बघत होती, आणि तिचा उजवा हात मला दिसत नव्हता. पुरणार नाही, हे मला माहीत होतं. उद्या वरून कोणी आलं, तर काय सांगायचं, हेही ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, मुलांनो, आज बारस आहे, सगळे ताटल्या घेऊन या. बारस म्हणजे काय, हे त्यांच्यातल्या निम्म्यांना कळलं नसावं. सगळे मात्र आले. ती मुलगी शेवटून दुसरी होती. मी थोडं थोडं कमी वाढत गेले, वाढता वाढता कान पातेल्याकडे लावून. आणि तिची ताटली पुढे आली, तेव्हा माझ्याच हातातलं उलथनं बुडाला लागलं. कर्रर्र. तिनं दचकून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आहे गं अजून. आणि खरवडत राहिले.