शाईचा ठिपका

सोमवार, ११ फेब्रुवारी १९६३. सकाळी सातला मी चामड्याच्या पट्ट्यावर सुरी लावत बसले होते. धार मागे ठेवून ओढायची, पुन्हा उलटी करून ओढायची. चुकून धार पुढे गेली की पट्टाही फाटतो आणि पातंही जातं. गोठवलेल्या मांसाचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचा असतो. त्यात हयगय चालत नाही.

दौंडच्या एका दवाखान्यात मी तेव्हा प्रयोगशाळा सांभाळत होते. ऑपरेशनच्या खोलीला लागून एक लहान खोली, मध्ये दार. तुकडा गोठवायचा गॅस लोखंडी नळकांड्यात पुण्याहून रेल्वेने येई. कातडीच्या कॅन्सरचं ऑपरेशन असलं की मोठे डॉक्टर रोगट भाग कापून त्याची कड माझ्याकडे पाठवत. मी दहा-बारा मिनिटांत ती गोठवून, कापून, रंगवून काचेवर घेई. मग कुणीतरी मायक्रोस्कोपमधून बघून सांगायचं: कड स्वच्छ आहे, की अजून कापायला हवं. स्वच्छ म्हटलं की टाके. मोठ्या डॉक्टरांचे हात रक्ताने भरलेले, त्यांना उठून येता येत नसे. म्हणून ते दरवर्षी एका तरुण डॉक्टराला ठेवून घेत आणि काचा वाचायला शिकवत.

शिकवायच्या काचांची पेटी मीच तयार केली होती. काही काचा निरोगी कातडीच्या, काही कॅन्सरच्या. "कॅन्सर असेल तिथं शाईचा ठिपका देऊन ठेवा बाई, शोधण्यात वेळ जायला नको," मोठे डॉक्टर म्हणाले होते. मी टाकाच्या टोकाने मोहरीएवढे ठिपके दिले. सुबक होते. मला त्यांचा अभिमानही होता, हे लिहायला आता लाज वाटते.

त्या दिवशीची बाई वडगाव रासाईची, पन्नाशीची. कमरेवर, जिथे लुगडं आवळून बांधतात तिथे, तळहाताएवढा चिघळलेला व्रण. वर्षानुवर्षं एकाच जागी काचून हे होतं. गावात कुणीतरी तापलेल्या लोखंडाने डागलं, एकदा कुठेतरी कापूनही घेतलं. वर्षाच्या आत परत आलं. वास होता, नाही कशाला म्हणू? पण व्रणाला वास येणारच. मला किळस आली ती त्या वर्षीच्या तरुण डॉक्टराची. अत्तराचा रुमाल नाकाला लावून तो तिच्यासमोरच म्हणाला, "नऊवारीचा प्रताप! हिला सांगा, आता गाऊन घालत जा."

"घालीन की," ती म्हणाली. "तुमी घिऊन द्या. रंग मातूर मी सांगीन."

मला हसू आलं, त्याला नाही.

कमरेला बधिर करायची सुई देऊन झाली तेव्हा तिने माझा हात धरला. "बाई, औंदा समदं निघंल ना? आमचं मालक म्हंत्यात, आता ह्ये शेवटचं. पुना उगावलं तर मला कुनी हितं आनायचं न्हाई."

"निघेल, मावशी," मी म्हटलं. असं बोलायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

कड आली. मी काच करून तरुण डॉक्टराच्या हातात दिली. त्याने ती खिडकीशी नेली, उजेडात धरली, तिरकी केली, उलटी करून पाहिली. मला वाटलं, रंग बघतोय. मग मायक्रोस्कोपखाली ठेवून मधोमध एक नजर टाकली.

"स्वच्छ. ठिपका नाही हिच्यावर."

मी हातातली सुरी खाली ठेवली. "साहेब, ही आत्ता केलेली काच आहे. हिच्यावर ठिपका कोण देणार?"

"तेही खरंच." त्याने पुन्हा डोळा लावला, पुन्हा मधोमधच. "स्वच्छच आहे."

"कडेकडेनं फिरवून बघा ना."

"बाई, तुम्ही कापायचं, आम्ही वाचायचं."

दारापलीकडून मोठ्या डॉक्टरांचा आवाज आला, "काय ठरलं? टाके घालू?"

त्याने तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "थांबा, रंग नीट धरला नाही," आणि काच ओढून घेतली. रंग उत्तम धरला होता. मी कोपऱ्यापासून सुरुवात केली. डाव्या कडेला गडद निळ्या पेशींचे दोन पुंजके, अंगावर येतील असे, निरोगी कातडीत घुसलेले.

दारात जाऊन सांगता आलं असतं. पण काच वाचायचा अधिकार माझा नव्हता. वाद झाला असता, आणि तोवर ती तिथे कंबर उघडी टाकून पडलेली. मी टाक शाईत बुडवला, पुंजक्यांशेजारी ठिपका दिला आणि काच परत त्याच्यापुढे ठेवली.

त्याने ती उजेडात धरली. मग डोळा लावला. "अरे! आहे की!" आणि दाराकडे वळून, "सर, डाव्या कडेला आहे. अजून घ्या."

"शाब्बास," मोठे डॉक्टर म्हणाले.

"आजून कापायचं का वो?" आतून तिचा आवाज.

"थोडं, मावशी."

"घ्या बाबा. पन ठिवू नका काई."

दुसरा तुकडा आला. त्याची काच मी आधी स्वतः कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहिली. काही नव्हतं. मग त्याला दिली. तो खिडकीशी गेला, आला, म्हणाला, "स्वच्छ." खरं बोलला, पण न बघताच. टाके पडले.

रात्रीचं जेवण मला गेलं नाही. आधीच्या तीन वर्षांत तीन डॉक्टर त्या पेटीवर शिकून गेले होते. तिघांपैकी कुणीही एकही काच चुकवली नव्हती, आणि मोठ्या डॉक्टरांना त्याचं फार कौतुक होतं. आता ते तिघं कुठल्या कुठल्या गावांत काचा उजेडात धरून बघत असतील, आणि पलीकडे कुणीतरी टाक्यांची वाट बघत पडलेलं असेल. ह्या तरुण डॉक्टराचा आळस मला दिसत होताच. पण ठिपके माझे होते, आणि आज आणखी एक देऊन मी त्याचं शिक्षण पुरं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेटीतली निरोगी कातडीची एक काच काढली, तिच्यावर ठिपका दिला आणि शिकवणीच्या वेळी, मोठ्या डॉक्टरांदेखत, मायक्रोस्कोपखाली ठेवली. तरुण डॉक्टराने डोळा लावला.

"कॅन्सर," तो म्हणाला. "अगदी स्पष्ट."

मोठे डॉक्टर स्वतः खाली वाकले. काच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फिरवून पाहू लागले. तेवढ्यात मी कालची काच टेबलावर ठेवली आणि तिच्यावरचा ठिपका कुणी, केव्हा आणि का दिला ते सांगितलं. मग स्पिरिटची बाटली आणि एक चिंधी त्या तरुण डॉक्टरापुढे सरकवली.

"पेटीतल्या सगळ्या काचा पुसा," मी म्हटलं, आणि वॉर्डात मावशीचं ड्रेसिंग बघायला गेले.